महागातून दिसेना, स्वस्तातून दिसे: एका औषध-दुकानदाराच्या चष्म्याचं प्रकरण

रुग्ण ५४ वर्षांचे गृहस्थ. वडोदऱ्यात रावपुऱ्याच्या आतल्या गल्लीत त्यांचं औषधांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. आजूबाजूची गुजराती गिऱ्हाइकं त्याला अजूनही ‘दक्षिणी काकांचं मेडिकल’ म्हणतात. सयाजी हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे सकाळी शटर वर गेलं की दुपारच्या जेवणापर्यंत बसायला मिळत नाही. गल्ल्यावर काकू असतात.

मी डोळ्यांचा नंबर तपासून चष्मे देतो. दिवाळीनंतर दोघंही माझ्याकडे दांडिया बाजारात आले ते दोन चष्मे घेऊन. एक प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबपासून जवळपर्यंतचे नंबर रेघेशिवाय एकाच काचेत असलेला, अलकापुरीतल्या एका शोरूममधून घेतलेला, पाच आकडी किमतीचा. दुसरा त्यांच्याच दुकानात काउंटरवरच्या स्टँडला लटकतात तसला तयार ‘वाचायचा’ चष्मा, प्लस दोनचा.

“या महागातून रस्ता दिसतो, गोळ्यांचं पाकीट दिसतं, पण फळी दिसत नाही,” काका म्हणाले. “आणि हा दोनशेवाला घातला की वरच्या फळीवरचं नाव लख्ख दिसतं. आता तुमचं शास्त्र काय म्हणतं ते सांगा.”

काकूंचं म्हणणं मानेबद्दल होतं. रोज रात्री तेल चोळावं लागतं. शिवाय त्यांनी एक गोष्ट हळूच सांगितली, जी काका बहुधा सांगणार नव्हते. रक्तदाबाची गोळी टेल्मीसार्टन, तिची ४० ची पट्टी मागितलेल्या माणसाला फळीवरून ८० ची पट्टी काढून दिली गेली होती. एकाच कंपनीची दोन खोकी शेजारी ठेवलेली, रंगसंगती जवळपास एकच, फरक फक्त आकड्याचा. बिल करताना काकूंच्या लक्षात आलं म्हणून पट्टी दुकानाबाहेर गेली नाही. पण तेव्हापासून काका वरच्या फळीवरचं प्रत्येक खोकं खाली काढून, नाकाजवळ आणून, पुन्हा वाचून मगच देत होते. गर्दीच्या वेळी लोक कंटाळून समोरच्या दुकानात जायला लागले.

तपासणी

डोळ्यांची तपासणी लवकर आटोपली, कारण तिच्यात विशेष काही निघालं नाही. लांबचा नंबर उजव्या डोळ्याला +१.००, सोबत −०.५० चा सिलिंडर (एकाच दिशेत लागणारा नंबर) ९० अंशांवर, डाव्याला +१.२५. जवळचं अ‍ॅडिशन +२.००. म्हणजे जवळचं बघायला लांबच्या नंबरावर एवढी पॉवर वाढवायची. दोन्ही डोळ्यांनी चष्म्यासह ६/६, जवळचं वाचन एन ६, म्हणजे छापील बारीक अक्षर. मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, पण त्याने आज काही अडत नाही. डोळ्यातला दाब आणि पडदा नेत्रतज्ज्ञांकडून बघून घेतला, ठीक होता. साखर तपासून यायला सांगितलं होतं. रक्तातली साखर वरखाली होत असली तर नंबरही बदलत राहतो, आणि अशा वेळी दिलेला कुठलाच चष्मा टिकत नाही. तीही नॉर्मल निघाली.

मग शोरूमची चिठ्ठी पाहिली. नंबर तोच होता, अगदी पाव डायॉप्टरचाही (नंबर मोजायचं एकक) फरक नाही.

हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते इथे. चष्म्यातून दिसत नाही म्हटल्यावर माणूस पहिला संशय नंबरवर घेतो, आणि पुष्कळदा दुकानदारही पुन्हा नंबर काढून, पाव इकडे पाव तिकडे करून नव्या काचा विकतो. इथे नंबर बरोबर होता. तो नंबर काचेच्या कुठल्या भागात, किती उंचीवर, कुठल्या अंतरासाठी बसवायचा हा निर्णय कुणी घेतलाच नव्हता. चिठ्ठीवर तो लिहायला रकानाही नसतो. डॉक्टर सहा मीटरवरचा तक्ता वाचून घेतात, मग हातात चाळीस सेंटिमीटरवर छोटं कार्ड देतात. या दोन अंतरांच्या मधे माणसाचा अख्खा दिवस असतो, त्याची चौकशी राहून जाते.

स्वस्त चष्मा का चालला?

याचं उत्तर लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेची पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, काचा ठेवल्यावर सापडलं. तयार चष्म्यात दोन्हीकडे सरळ +२.०० होते. बाजारातला प्लस दोनचा चष्मा म्हणजे दोनचं अ‍ॅडिशन, असं काका धरून चालले होते, आणि बहुतेक लोक तसंच धरतात. ज्याला लांबचा नंबर शून्य आहे त्याच्यापुरतं ते खरं. काकांच्या लांबच्या नंबरातच प्लस एक ते सव्वा आहे. त्या दोनमधलं एक-सव्वा त्यांची लांबची उणीव भरून काढण्यातच खर्च होतं. जवळच्या कामासाठी उरतं ते उजवीकडे सिलिंडर धरून सव्वाच्या आसपास, डावीकडे पाऊण.

म्हणजे सरासरी +१.०० चं अ‍ॅडिशन. डायॉप्टरचं गणित सोपं आहे: शंभराला डायॉप्टरने भागलं की सेंटिमीटर मिळतात. एकच्या अ‍ॅडिशनने एक मीटरवरचं स्पष्ट दिसतं. त्यात डोळ्याची स्वतःची शिल्लक ताकद थोडी घातली की साधारण ६५ सेंटिमीटरपर्यंत. फळी नेमकी त्या पट्ट्यात होती. दोनशे रुपयांच्या चष्म्याने योगायोगाने बरोबर उत्तर दिलं होतं. पाकिटावरची बारीक अक्षरं त्यातून दिसत नव्हती, सिलिंडर नसल्याने उजव्या डोळ्याला किंचित पसरट दिसायचं, दोन डोळ्यांत अर्ध्याचा फरक राहायचा. तरी फळी दिसायची.

दुकानातली मापं

मी रविवारी मेजपट्टी घेऊन दुकानात गेलो. काकांना नेहमीसारखं काम करायला सांगितलं आणि मापं घेत राहिलो. मुद्दाम उभं करून ‘आता वाचा’ म्हटलं की माणूस शाळेतल्यासारखा ताठ होतो आणि मापं चुकतात, म्हणून नुसतं बघत बसणं महत्त्वाचं.

हातातली पट्टी ३८ सेंटिमीटरवर. काउंटरवर ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी ४५. डोळ्याच्या पातळीतली फळी ६० वर. बिलिंगचा संगणक ७० वर. कंबरेखालचे खण वाकून बघताना ७५. समोरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा ११० वर. आणि वरची फळी: डोळ्यापासून आडवं अंतर ६५, उंची ४५ जास्त, म्हणजे तिरकस अंतर साधारण ७९ सेंटिमीटर आणि नजर ३५ अंश वर.

ही शेवटची ओळ म्हणजे अख्खं प्रकरण.

या वयात काकांच्या डोळ्यांची जवळ बघण्याची स्वतःची ताकद सुमारे एक डायॉप्टर उरली आहे. तीही सगळी वापरून दिवसभर काम करता येत नाही. निम्मी राखून ठेवायची, हा आमच्या व्यवसायातला जुना नियम. म्हणजे हिशोबाला अर्धा डायॉप्टर. वरच्या फळीसाठी गरज १.२५ ची, त्यातला अर्धा डोळा देणार, उरलेला पाऊण काचेने द्यायचा. संगणकाला काचेकडून एकाला थोडं कमी. डोळ्यासमोरच्या फळीला एकाला थोडं जास्त. पट्टीला दोन.

आता प्रोग्रेसिव्ह काच बघा. बाहुलीसमोर आणि तिच्या वर लांबचा नंबर असतो. तिथून खाली येताना पॉवर हळूहळू वाढते आणि तळाशी पूर्ण अ‍ॅडिशन मिळतं. ही रचना कागद-पुस्तक खाली धरून वाचणाऱ्या, मान वर करून लांब बघणाऱ्या माणसासाठी आहे. काकांची वरची फळी म्हणजे वर असलेलं जवळचं काम. वर बघितलं की त्यांच्या डोळ्यासमोर लांबचा नंबर येतो, जो आरामात दोन मीटरच्या पलीकडेच स्पष्ट आहे. फळी वाचायची तर काचेचा मधला पट्टा तिच्यासमोर आणायला हवा. हा पट्टा बाहुलीच्या सातेक मिलिमीटर खाली, नजरेच्या भाषेत जवळपास १५ अंश खाली. फळी ३५ अंश वर. बेरीज करा: मान ५० अंश मागे टाकायची, आणि तीही दिवसातून शेकडो वेळा. काकूंच्या तेलाच्या बाटलीचा हिशोब तिथे लागला.

एक गोष्ट आणखी दिसली, जी चिठ्ठीवरून कधीच कळली नसती. काका स्टुलावर चढतात. चढताना-उतरताना खाली बघतात तेव्हा काचेच्या तळाचा दोनचा भाग डोळ्यासमोर येतो, जो पन्नास सेंटिमीटरच्या पलीकडचं धूसर करतो. पाय ठेवायची पायरी त्याहून कितीतरी लांब असते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरणारे वयस्कर लोक पायऱ्यांवर जास्त अडखळतात हे अभ्यासांतूनही पुढे आलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने २००२ मध्ये ते मांडलं होतं. काका अजून वयस्कर नाहीत, पण स्टूल तीन पायऱ्यांचं आहे आणि खाली फरशी.

शोरूमने काय काय विकलं होतं

यात मला कुणावर आरोप करायचा नाही. प्रोग्रेसिव्ह काच म्हणून ती चांगलीच होती. पण तीन गोष्टी अशा होत्या की त्यांनी किंमत वाढवली आणि काकांना दिलं काहीच नाही.

पहिली, १.६७ इंडेक्सची ‘पातळ’ काच. इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वळवते तो आकडा; तो जास्त तितकी काच पातळ. जाडीचा प्रश्न मोठ्या नंबरात येतो. मायनस सहावाल्याला साध्या काचेची कड साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर भरते, तिथे १.६७ घेतली तर एक-दीड मिलिमीटर वाचतो, तो दिसतोही आणि नाकाला जाणवतोही. प्लस सव्वाच्या काचेत वाचतो तो एक तृतीयांश मिलिमीटर. उलट इंडेक्स वाढला की काचेवरून परत फिरणारा प्रकाश वाढतो: सीआर-३९ या साध्या प्लास्टिक काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून ४ टक्के, १.६७ च्या ६ टक्क्यांहून थोडा जास्त. म्हणून तिला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग लावावंच लागतं, आणि रंगांच्या कडा सुटण्याचा दोषही तिच्यात जास्त. काकांना ही काच देणं म्हणजे गावातल्या सुरसागर तळ्याला चक्कर मारायला जाणाऱ्याला हिमालयाचे बूट विकणं.

दुसरी, ब्लू-कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच. संगणकासमोर बसतो म्हटलं की हल्ली ती विचारतही नाहीत, लावूनच देतात. २०२३ मध्ये वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या; संगणकाच्या कामाने येणारा डोळ्यांचा थकवा निदान कमी मुदतीत तरी त्याने कमी होतो असं दिसलं नाही. थकवा येतो तो न मिचकावल्याने, कोरडेपणाने आणि चुकीच्या अंतराच्या काचेने. काकांच्या बाबतीत तिचा किंचित पिवळसर रंग हीच अडचण होती. पांढरी आणि फिकट पिवळी गोळी शेजारी ठेवली की त्यांना क्षणभर थांबावं लागायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती आवडीतून आली होती. फ्रेम. काकांनी, खरं तर त्यांच्या मुलीने, बुटकी फ्रेम पसंत केली होती, उंची जेमतेम २६ मिलिमीटर. एवढ्या उंचीत लांबपासून जवळपर्यंतचा सगळा बदल बसवायचा तर तो ११ मिलिमीटरच्या आत उरकावा लागतो. प्रोग्रेसिव्ह काचेचा एक नियम १९६३ मध्ये मिंकविट्झने मांडला, आणि तो कुठल्याही कंपनीला चुकवता आलेला नाही: मधल्या पट्ट्यात पॉवर ज्या वेगाने वाढते, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूंना नको असलेला सिलिंडर वाढतो. ११ मिलिमीटरमध्ये २.०० म्हणजे दर मिलिमीटरला ०.१८. बाजूला सरकताना दर मिलिमीटरला ०.३६. अर्धा डायॉप्टर धूसरपणा चालवून घेतला, तर स्वच्छ पट्ट्याची रुंदी ढोबळमानाने पावणेतीन मिलिमीटर उरते.

आणि या पावणेतीन मिलिमीटरच्या गल्लीत काकांची बाहुली नीट बसवलीच नव्हती. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६४ मिलिमीटर लिहून नाकाच्या दोन्हीकडे ३२-३२ वाटून टाकलं होतं. मोजल्यावर उजवा ३१, डावा ३३ निघाला. नाक कुणाचंच अगदी मधोमध नसतं. साध्या, एका नंबरच्या सव्वाच्या काचेत एक मिलिमीटरने काही बिघडत नाही. पण ज्या पट्ट्याची अर्धी रुंदी १.४ मिलिमीटर आहे, त्यात एक मिलिमीटर सरकल्यावर डोळा कडेला टेकलेला असतो, उजवा नाकाकडच्या आणि डावा कानाकडच्या.

पर्याय

काकांना ट्रायल फ्रेम (तपासणीच्या काचा बदलून बघायची फ्रेम) घालून, त्यांच्याच दुकानात, एकेक पर्याय धरून पाहिला. दवाखान्यात हे करता येत नाही असं नाही, पण फळीवरचं खोकं हे फळीवरचं खोकं असतं.

नुसता वाचायचा पूर्ण नंबर: पट्टी स्वच्छ, पण स्पष्टतेचा पट्टा ४० ते ५० सेंटिमीटर एवढाच. बाकी सगळं धुकं. बाद.

नेहमीचा डी-बायफोकल, वर लांबचा आणि खाली डी आकाराच्या तुकड्यात जवळचा: आरामात दोन मीटरच्या पलीकडे स्पष्ट, पन्नास सेंटिमीटरच्या अलीकडे स्पष्ट. मधे खड्डा, आणि फळी, संगणक, खण, गिऱ्हाईक हे सगळे त्या खड्ड्यात. आपल्याकडे बायफोकल म्हटलं की हाच, एवढंच लोकांना माहीत असतं.

इथे थोडं विषयांतर. बायफोकलचं श्रेय ज्यांना देतात त्या बेंजामिन फ्रँकलिननी १७८५ मधल्या एका पत्रात आपली गरज सांगितली आहे: जेवणाच्या टेबलावर ताटातलं दिसावं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसावा, म्हणजे फ्रेंच बोलणं नीट कळतं. पॅरिसजवळचं ते टेबल, त्यावरची दोन अंतरं, आणि त्या दोन अंतरांच्या दोन काचा. पुढे त्या दोन अंतरांचं ‘लांब आणि जवळ’ असं ठरीव सूत्र झालं आणि टेबल विसरलं गेलं.

दुहेरी डी नावाची एक काच असते, वरही जवळचा तुकडा आणि खालीही. औषध-दुकानदार, ग्रंथपाल, वायरमन, नळ दुरुस्त करणारे यांच्यासाठीच ती निघाली. काकांना ऐकूनच आवडली. पण आमच्या लॅबने हात वर केले. बाहेरून मागवायची तर वेळ आणि पैसा, आणि उद्या फुटली तर पुन्हा तेच. शिवाय मधल्या लांबच्या पट्टीचा दुकानात उपयोग काय? दुकानात दोन मीटरच्या पलीकडे बघण्यासारखं फक्त समोरचं दुकान आहे.

नीट मापात बसवलेला, उंच फ्रेममधला प्रोग्रेसिव्ह: आत्ताच्यापेक्षा खूप बरा. पण वरच्या फळीचा प्रश्न तसाच. वर लांबचा नंबर असणारी कुठलीही काच, किमतीला कितीही असो, वरची फळी दाखवणार नाही.

मग ऑफिस लेन्स. दिसायला प्रोग्रेसिव्हसारखीच, रेघ नाही. पण वरपासून मीटर-सव्वामीटरचं अंतर पकडून खाली वाचनापर्यंत येते. काकांसाठी वर +०.७५ आणि खाली +२.००. बदल दोनऐवजी सव्वाचा, आणि तो वीस मिलिमीटरमध्ये पसरलेला. त्याच मिंकविट्झच्या हिशोबाने स्वच्छ पट्टा पावणेतीनऐवजी आठेक मिलिमीटर. मी सुचवली ती हीच.

काकांनी किंमत विचारली. मग म्हणाले, “आणि हेच रेघवाल्यात होत नाही का?”

होतं. डी-बायफोकलच्या वरच्या भागात लांबचाच नंबर घालायला हवा असा कुठे कायदा आहे? वर लांबचा नंबर अधिक एक, आणि खालच्या तुकड्यात त्यावर आणखी एक. साधी सीआर-३९, कुठलीही लॅब दोन दिवसांत करून देईल. ऑफिस लेन्सच्या एका जोडीच्या पैशांत याच्या चार-पाच जोड्या होतील. वरच्या भागातून एक मीटरपासून ६५-७० सेंटिमीटरपर्यंत, खालच्यातून ५० ते ४०. मधे ५० ते ६५ चा छोटा खड्डा राहतो, पण डोळ्यासमोरच्या फळीपासून अर्धं पाऊल मागे सरकलं की तो भरतो. ट्रायल फ्रेममध्ये +०.७५ आणि +१.०० दोन्ही फिरवून पाहिले. काकांनी संगणकाकडे, फळीकडे, पुन्हा संगणकाकडे बघून एक पसंत केला. त्यात वर बघितलं तरी तोच नंबर, बाजूला बघितलं तरी तोच. कडेला धूसर होणारी गल्लीच नाही.

काकूंना रेघ आवडली नाही. “रेघेचा चष्मा म्हणजे आजोबा.” काका म्हणाले, “दुकानात मला कोण बघतंय, मी बघायला बसलोय.” विषय मिटला.

माझं मत विचाराल तर ऑफिस लेन्स अजूनही सरस आहे, पण या दुकानासाठी नाही. इथे धूळ आहे, चष्मा दिवसातून दहादा काउंटरवर आपटतो, शर्टाच्या टोकाने कोरडाच पुसला जातो, त्यामुळे वर्ष-दीड वर्षात काच बदलावी लागणारच. जी काच बदलताना माणूस पैशाचा विचार करून वर्षभर ढकलतो, ती शेवटी महागच पडते.

काय दिलं

वरचा भाग: उजवा +२.०० / −०.५० × ९०, डावा +२.२५. खालच्या डीमध्ये +१.०० चं अ‍ॅडिशन. पीडी दोन्ही डोळ्यांची वेगळी मोजून. हार्ड कोट आणि अँटी-रिफ्लेक्शन. पाठीमागच्या ट्यूबलाइट काचेच्या आतल्या बाजूवर चमकत होत्या, म्हणून हे कोटिंग इथे उपयोगाचं. पॉलिकार्बोनेट विचारलं गेलं. लहान मुलं, खेळाडू, कारखान्यातले कामगार, एकाच डोळ्याने बघणारे यांना मी तीच देतो, कारण ती सहसा फुटत नाही. काकांना गरज नव्हती.

डीच्या वरच्या कडेची उंची नेहमी खालच्या पापणीशी ठेवतात. इथे मुद्दाम तीन मिलिमीटर खाली घेतली. कंबरेखालचे खण ७५ वर आहेत आणि स्टुलाची पायरी त्याहून लांब. डी उंच असता तर खाली बघताना प्रत्येक वेळी दोनचा भाग आडवा आला असता. आता हनुवटी थोडी छातीकडे घेतली की वरच्या भागातून खण स्वच्छ दिसतो. पायरीही पूर्वीपेक्षा बरीच स्पष्ट, तरी स्टुलावर चढताना एक हात रॅकला, हे काकूंसमोर सांगून ठेवलं.

पट्टीवरची एक्स्पायरी हा वेगळाच त्रास होता. चंदेरी फॉइलवर ठोकलेले आकडे, त्यांना रंग नसतो, नुसता उठाव. डोक्यावरची ट्यूबलाइट त्यावर सरळ आपटते आणि सगळं एकसारखं चमकतं. हे कुठल्याही काचेने सुटत नाही. बिलिंगच्या टेबलाला डाव्या बाजूने एक छोटा दिवा लावायला सांगितला, प्रकाश तिरका पडला की आकड्यांना सावली येते. टेल्मीसार्टनची खोकी दोन वेगळ्या फळ्यांवर गेली. तेही चष्म्याचं काम नव्हतं, पण उपचारातच धरायला हवं.

जुना प्रोग्रेसिव्ह फेकायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. शोरूमच्या अदलाबदलीच्या मुदतीत तो नेला, मोजलेली पीडी लिहून दिली, फ्रेम ३२ मिलिमीटर उंचीची घेतली, आणि नव्या काचेत बदलाचा पट्टा लांब ठेवायला सांगितला. ब्लू-कट काढून टाकलं. त्यांनी कुरकुर न करता करून दिलं. आता तो स्कूटरचा, लग्नकार्याचा आणि संध्याकाळच्या पेपरचा चष्मा.

दुकानातला चष्मा घालून स्कूटर चालवायची नाही ही एकच सक्त सूचना. त्यातून लांबचं एक डायॉप्टरने धूसर दिसतं. माणूस दिसतो, त्याने हात कुठल्या बाजूला केला ते दिसत नाही. म्हणून त्याची फ्रेम मुद्दाम लालसर घेतली आणि दोरी लावून ती गल्ल्याच्या खिळ्यालाच अडकवायची.

नंतर

पहिले दोन-तीन दिवस रेघेपाशी अक्षर उडी मारतं अशी तक्रार आली, ती अपेक्षित होती आणि आपोआप गेली. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, सुमारास काका दोरा लागलेल्या बोटांना पट्टी घ्यायला आलेल्या पोरांच्या गर्दीतून फोन करून सांगत होते की वरची फळी उभ्या उभ्या वाचता येते. मानेचा त्रास कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. दहा तास उभं राहण्याचा वाटा चष्मा कसा काढणार. खोकी नाकाजवळ आणून दोनदा वाचायची सवय त्यांनी तशीच ठेवली आहे, आणि मी ती मोडायला सांगितलेली नाही.

एक तोटा राहिला. दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून कुणी “काका, आ दवा छे?” म्हणून रिकामी पट्टी उंचावून दाखवली, की चेहराही धूसर आणि पट्टीही. काका आवाजावरून ओळखतात आणि आत बोलावतात. ऑफिस लेन्समध्येही हा तोटा राहिलाच असता, थोडा कमी.

वय ५६-५७ कडे जाईल तसं अ‍ॅडिशन सव्वादोनवर जाईल आणि डोळ्याची अर्ध्या डायॉप्टरची मदतही घटेल. तेव्हा वरच्या भागातला एक पुरणार नाही, कदाचित सव्वा लागेल, पण त्याने गिऱ्हाइकाचा चेहरा किंचित धूसर होईल. त्या वेळी ऑफिस लेन्सचा विचार पुन्हा करायचा, किंवा वरची फळी एक फूट खाली घ्यायची. काकांनी सुताराला विचारून ठेवलं आहे.